बालवर्गाचा तपासणी विभाग

कोणतेही धडधाकट यंत्र दोन कारणांनी बिघडते: वंगणाचा अभाव आणि शेजाऱ्यांचा सल्ला. पहिल्या कारणाचा बंदोबस्त मी उभ्या नोकरीत चोख ठेवला. दुसऱ्याचा बंदोबस्त तंत्रनिकेतनाच्या अभ्यासक्रमात नव्हता. परिणामी, एका मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागाचा निवृत्त प्रमुख असूनही, परदेशातल्या एका पाववाल्याने भर वर्गात माझ्या नाकासमोर पाव नाचवला आणि तो मला पाहावा लागला.

आम्ही उभयता मुलीकडे राहायला आलो होतो. मुलगी आणि जावई नोकरीला जात, नात बालवर्गात जाई, आणि आमची ही खालच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला जाई. गप्पा मराठीत. "काय हो हा गारठा! हाडं कुडकुडली की," असे ही म्हणे, समोरची म्हातारी तिच्या भाषेत काही तरी उत्तर देई, आणि तासाभराने दोघी एकमेकींच्या सुनांबद्दल हळहळत उठत. आम्हाला सून नाही, ही किरकोळ अडचण हिने कधी आड येऊ दिली नाही.

माझे तसे नव्हते. मला काम लागते. पहिल्या आठवड्यात मी घरातल्या सर्व दारांच्या बिजागऱ्या तपासल्या. दुसऱ्या आठवड्यात भांडी धुण्याच्या यंत्राचा आवाज मला संशयास्पद वाटला, म्हणून ते उघडले. आवाज बंद झाला, हे कोणीही मान्य करील. यंत्रही बंद झाले, हा तपशील जावईबापूंनी उगाच मनाला लावून घेतला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर पडत जा ना. बाहेर म्हणजे... घराच्या बाहेर."

खालच्या मजल्यावर आपल्याच भाषेतले एक गृहस्थ मुलाकडे राहत. बँकेतून निवृत्त झालेले, म्हणून आम्ही त्यांना बँकवाले म्हणत असू. जगातल्या कोणत्याही विषयावर त्यांचे मत तयार असे. विषय तेवढा समोरच्याने पुरवायचा.

"साहेब, तुम्ही इंग्रजी शिकवा," ते म्हणाले. "शेजारच्या बालवर्गातला इंग्रजीचा मास्तर प्रेमात पडून पळाला. जागा रिकामी आहे."

"अहो, पण मी यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक. लहान मुलांना इंग्रजी कसं शिकवणार?"

"इथे इंग्रजी शिकवायला इंग्रजी यावंच लागतं असं नाही. इथली भाषा येता कामा नये, एवढीच अट. ती पात्रता तुमच्याकडे ठासून भरलीय."

हे त्यांनी मला एकट्याला सांगितले असते तर मी विसरलो असतो. त्यांनी ते बालवर्गाच्या मोठ्या बाईंनाही सांगितले. मोठ्या बाई हे पद होते; अंगाने त्या इतक्या लहान की मुलांच्या रांगेत उभ्या राहिल्या तर मोजणी चुकावी. त्याच संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि हातरुमाल पिळत बोलू लागल्या. मुलगी मराठीत सांगत होती.

हकिकत अशी: पुढच्या गल्लीत एक चकचकीत शाळा निघाली होती. तिच्या दारावर इंग्रजीचा एवढा मोठा फलक होता की तिथली मुले केवळ त्याखालून जाऊन इंग्रजी शिकत असावीत. बाईंच्या बालवर्गातही इंग्रजी आहे, या एकाच भरवशावर पालक टिकून होते. आता शिक्षण कार्यालयाच्या अधिकारी बाई येऊन इंग्रजीचा तास पाहणार होत्या. तास पसंत पडला तर वर्ग चालू राहील. नाही तर वर्ग बंद, पालक पुढच्या गल्लीत, आणि बालवर्गाला कुलूप.

"मग ठकीला मी कुठे ठेवू, बाबा?" मुलीने शेवटी स्वतःचे एक वाक्य जोडले. ठकी म्हणजे आमची नात. "त्या चकचकीत शाळेत जागा नाही. मला नोकरी सोडावी लागेल."

माझ्या डोळ्यांसमोर पाटी उभी राहिली: येथे काम उपलब्ध आहे. मी होकार दिला. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो, ही म्हण मला तेव्हा आठवली नाही. हिला आठवली, आणि तिने ती पाहुण्यांसमोरच म्हणून दाखवली. सुदैवाने मोठ्या बाईंना ते अभिनंदन वाटले.

परवानगीसाठी जावईबापूंबरोबर शिक्षण कार्यालयात गेलो. कारकुनाने माझी पदविका बराच वेळ न्याहाळली.

"यंत्र अभियांत्रिकी म्हणजे इंग्रजीच ना?" त्याने विचारले.

"शिकवतात इंग्रजीतूनच," जावईबापू म्हणाले. हे सत्य होते. संपूर्ण सत्य नव्हते, पण जावयाच्या तोंडून सासऱ्याबद्दल त्याहून अधिक सत्य निघू नये हेच बरे.

कारकुनाला माझी तोंडी परीक्षा घ्यायची होती, परंतु त्याला स्वतःला इंग्रजी येत नव्हते. त्याने इकडे तिकडे पाहिले आणि भिंतीवरच्या अग्निशामकाकडे बोट दाखवले. त्यावर इंग्रजीत सूचना होत्या. मी त्या खणखणीत आवाजात वाचल्या. खिडक्यांपुढच्या रांगा शांत झाल्या. कारकून प्रसन्न होऊन शिक्का उचलू लागला, आणि इथे माझ्यातल्या तपासनिसाने घात केला. दाबमापकाचा काटा लाल भागात होता. मी ते जावईबापूंकरवी त्याच्या निदर्शनास आणून दिले.

"बाबा, जाऊ द्या ना," जावईबापू पुटपुटले.

"जाऊ कसं द्या? उद्या आग लागली तर हा काय फुंकर घालणार?"

कारकुनाने शिक्का खाली ठेवला आणि आम्हाला दुसऱ्या खिडकीकडे पाठवले. दुसरीने तिसरीकडे. तिसऱ्या खिडकीने माझे दात, डोळे आणि चारित्र्य यांचे दाखले मागितले. पुष्कळ पायपिटीनंतर मला "मानद सहायक, तात्पुरता" असा शिक्का मिळाला. या तीन शब्दांतला एकही माणसाची प्रतिष्ठा वाढवत नाही, हे बँकवाल्यांनी मला समजावून सांगितले.

मी तासाची आखणी पद्धतशीर केली. आधी सुटे भाग, मग जोडणी. सुटे भाग म्हणजे नामे. त्यांना विशेषणांचे वॉशर. शेवटी क्रियापदाचा बोल्ट आवळला की वाक्य तयार. आराखडा निर्दोष होता. त्यात फक्त मुले धरलेली नव्हती.

दुभाषी म्हणून ठकी होती, कारण वर्गात मराठी आणि इथली भाषा या दोन्ही येणारी ती एकटीच. मी गंभीरपणे सुरुवात केली, "मुलांनो, या जगात प्रत्येक वस्तूला एक नाव असतं." ठकीने दोन शब्दांत भाषांतर केले. सगळी मुले जमिनीवर आडवी झाली.

"काय सांगितलंस गं?"

"म्हटलं, झोपा. आजोबा बोलायला लागले की आई नेहमी म्हणते, आता तासभर निवांत."

मुलांना उठवण्यात वेळ गेला. मग मी प्लास्टिकचे सफरचंद वर धरून त्याचे इंग्रजी नाव सांगितले. एका मुलाने ते माझ्या हातून घेतले आणि चावले. चव न आवडल्याने तो रडू लागला. त्याला पाहून शेजारची रडली. रडणे हे गिअरसारखे असते, एक दाता फिरला की सगळी चाके फिरतात. मदतीला मोठ्या बाई आल्या आणि मला धीर देऊन गेल्या. मुलांना द्यायचा राहिलाच.

त्या गदारोळात एक गोबऱ्या गालांची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कोपऱ्यावरच्या पाववाल्याची लेक; मी मनातल्या मनात तिचे नाव गोबरी ठेवले. तिच्या बुटाचा पट्टा तुटला होता आणि तो तिने माझ्यापुढे धरला होता. मी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. बूट उजेडात धरला, फिरवला, पट्ट्याची तुटलेली कड पाहिली, आणि आयुष्यभराच्या सवयीने माझ्या तोंडून कारखान्यातला तो ठणठणीत शब्द निघाला, "रिजेक्टेड!"

वर्गात हशाचा असा स्फोट झाला की छतावरची कागदी फुलपाखरे हलली. गोबरीने बूट छातीशी धरून म्हटले, "रिजेक्टेड!" उच्चार शुद्ध होता. पुढच्याच क्षणी माझ्यापुढे रांग लागली. कोणी टोपी आणली, कोणी डबा, कोणी स्वतःचा दात. मी प्रत्येक वस्तू तपासून निकाल देऊ लागलो. निर्दोष असेल तर "ओके", दुरुस्त होण्याजोगी असेल तर "रीवर्क", आणि कामातून गेली असेल तर "रिजेक्टेड". माझ्या निवृत्तीनंतर इतका आनंद मला झाला नव्हता. खरे सांगायचे तर निवृत्तीपूर्वीही नव्हता. तिथे रांगेत उभे राहणाऱ्यांचे चेहरे वेगळे असत.

पुढचे सारे ओघानेच आले. शाळेच्या कपाटात गोल कागदी टिकल्या होत्या, मागे गोंद लावलेल्या. हिरवी म्हणजे ओके, पिवळी म्हणजे रीवर्क, लाल म्हणजे रिजेक्टेड, अशी पद्धत मी घालून दिली. मुले जोडी जोडीने वर्ग तपासू लागली. मात्र एक नियम मी कडक ठेवला: कारणाशिवाय निकाल नाही. कारण न देता नापास करतो तो तपासनीस नव्हे, तो सासरा, असे मी विभागातल्या नव्या पोरांना सांगत असे. त्यामुळे मुले "बिकॉज" शिकली आणि त्यापाठोपाठ बिग, स्मॉल, लाँग, डर्टी आणि ब्रोकन ही विशेषणे आपणहून येऊन बसली. माझा आराखडा उलट्या बाजूने का होईना, पूर्ण होत होता.

पालक थक्क झाले. पूर्वीच्या मास्तरांनी मुलांना एक गाणे शिकवले होते. माझी मुले घरी जाऊन वाक्यांमागून वाक्ये बोलत होती, आणि तीही कारणमीमांसेसह. मोठ्या बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. बँकवाले मला "प्रोफेसर" म्हणू लागले. मी शाळेत जाताना टाय बांधू लागलो.

"अहो, टाय कशाला?" हिने विचारले. "जमिनीवर तर बसता."

"जमिनीवर बसणाऱ्यालाही दर्जा असतो."

"दर्जा असतो हो. पण तो टायने शाई पुसत बसत नाही."

मी लक्ष दिले नाही. नाकापेक्षा मोती जड झाला की नाकाला ते सर्वांत शेवटी कळते.

पहिली ठिणगी घरातच पडली. जेवताना ठकीने आईच्या भाजीच्या वाटीवर पिवळी टिकली लावली. मग वडिलांचा शर्ट वर करून त्यांच्या पोटावर लाल लावली आणि म्हणाली, "रिजेक्टेड बिकॉज बिग." जावईबापूंनी माझ्याकडे पाहिले. ते भांडी धुण्याच्या यंत्राकडे ज्या नजरेने पाहत, तीच नजर.

मग आमच्या इमारतीच्या लिफ्टवर लाल टिकली दिसली. रखवालदाराला वाटले, सुरक्षा खात्याची माणसे येऊन गेली. त्याने लिफ्टला कुलूप घातले. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असल्याने सामान वाहण्याचा व्यायाम मुख्यतः मला घडला. यंत्रज्ञ आला, त्याने लिफ्ट आतून बाहेरून पाहिली, दोष सापडेना. शेवटी वर्गातल्या एका मुलाने अभिमानाने कबूल केले: बिकॉज स्मॉल. दरम्यान एका आजोबांच्या टकलावर पिवळी टिकली लागली होती आणि ते तशीच मिरवत बाजार फिरून आले होते. एका आईच्या नव्या पडद्यांना रिजेक्ट मिळाले. एका मावशीने आणलेली भेटवस्तू तिच्यासमोरच तपासून, कारण देऊन, परत करण्यात आली.

आणि मग आला पाववाला.

झाले होते असे. सकाळच्या गर्दीच्या वेळी गोबरी बापाच्या दुकानात शिरली आणि तिने काचेमागचा एकेक पाव तपासला. हाताने वळलेले पाव. एक थोडा लहान, एक थोडा मोठा, हे होणारच. पण तिच्या गुरूने तिला सूट द्यायला शिकवलेच नव्हते. गिऱ्हाइकांनी लाल टिकल्या पाहिल्या, आरोग्य खात्याची धाड पडली असे समजून ती पांगली, आणि कोपऱ्यावर चर्चा सुरू झाली.

पाववाला पिठाने माखलेला, तसाच वर्गात घुसला. हातात लाल टिकलीचा पाव. तो माझ्या नाकासमोर नाचवत तो मोठमोठ्याने बोलू लागला.

"काय म्हणतोय गं?" मी ठकीला विचारले.

"म्हणतोय, तुला भट्टीत घालीन."

"खरंच असं म्हणाला?"

"नाही. पण त्याचं तोंड तसं दिसतंय."

या क्षणी कोणत्याही समजूतदार माणसाने हात जोडले असते. मी चष्मा डोळ्यांवर आणला, पाव निरखला आणि मान हलवून म्हणालो, "पण हा खरंच लहान आहे हो." हे भाषांतर करू नकोस, एवढे सांगायचे राहिले. ठकीने आयुष्यात प्रथमच माझे वाक्य शब्दशः भाषांतरित केले.

पाववाला थेट शिक्षण कार्यालयात गेला. तिथे आमचा अग्निशामकवाला कारकून होताच. तक्रार त्याने प्रेमाने उतरवून घेतली असणार. दुपारी मोठ्या बाईंना निरोप आला: अधिकारी बाई ठरल्या वेळेआधीच येणार, परवाच, आणि तक्रारदार पालकही हजर राहतील.

मोठ्या बाई मुलांच्या खुर्चीवर बसल्या आणि खडू रंगांप्रमाणे लावू लागल्या. ठकीने त्यांना काही विचारले, त्यांनी उत्तर दिले.

"आजोबा, बाई म्हणतायत, त्यांना दुसरं काहीच येत नाही. फक्त शाळा येते."

हे भाषांतर खरे असावे, असे मला वाटले. मी टाय सोडून खिशात घातला.

संध्याकाळी सल्ल्यांचा बाजार भरला. बँकवाले म्हणाले, "साहेब, सरळ आजारी पडा. मी उभ्या नोकरीत प्रत्येक ऑडिटला आजारी पडलो. ऑडिटर येतात, जातात. आपली प्रकृती आपल्या हातात."

"आणि शाळा?"

"शाळा कुठे माझ्या ओळखीची आहे?"

जावईबापूंनी सुचवले की मी फक्त उभे राहावे आणि मोठ्या बाईंनी ध्वनिफीत लावावी. मुलगी फोनवर तिच्या साहेबांशी सुट्टीबद्दल हळू आवाजात बोलत होती, आणि ते मला सर्व सल्ल्यांपेक्षा जास्त लागले.

ही म्हणाली, "अहो, मुलांना 'छान' म्हणायला शिकवा की. नापास, नापास काय ते!"

"आमच्या खात्यात 'छान' असा निकाल नसतो. फार तर 'ओके'."

"तेच म्हणते मी. आधी स्वतः शिका, मग त्यांना शिकवा."

सदोष माल बाजारात गेला तर तो परत मागवण्याची एक शास्त्रशुद्ध पद्धत असते. दुसऱ्या दिवशी मी ती अमलात आणली. सर्व टिकल्या जमा केल्या: खिशांतून, डब्यांतून, वह्यांतून, एकीच्या कानामागून. "रिजेक्टेड" या शब्दावर बंदी घातली. मग प्लास्टिकची फळे बाहेर काढली आणि वर्गाकडून घोकून घेतले, हे सफरचंद आहे, हे केळे आहे. मुलांनी ते मुकाट्याने म्हटले. एकाही फुलपाखराला हलावेसे वाटले नाही.

तपासणीच्या दिवशी वर्गाच्या मागच्या भिंतीशी पालक उभे होते. पाववाला मधोमध, हाताची घडी घालून. अधिकारी बाई आल्या. उंच, भरदार, अदबीच्या. इंग्रजी त्यांचे माझ्यापेक्षा सफाईदार होते, हे त्यांच्या पहिल्या नमस्कारातच कळले. मोठ्या बाईंनी त्यांच्यासाठी ऑफिसातली खुर्ची आणवली, पण त्या म्हणाल्या, नको, मी मुलांच्यातच बसते, आणि हात असलेल्या एका छोट्या खुर्चीत त्यांनी स्वतःला बसवले. बसताना थोडा प्रयत्न पडला. मी भार आणि पायांचा व्यास यांचा मनात हिशेब केला आणि तो तिथेच गिळला. मनुष्य अनुभवाने शहाणा होतो.

मी सफरचंद उचलले. "हे काय आहे?" मी इंग्रजीत विचारले.

मी पुन्हा विचारले. मुले सफरचंदाकडे टक लावून पाहत होती. पहिल्या दिवशीचा चावा नेमका त्यांच्या बाजूला आला होता.

गोबरीच्याने राहवेना. ती उठून उभी राहिली. "ब्रोकन!"

"नो, नो," मी घाईने म्हणालो. "ॲपल. ॲपल."

"ॲपल रिजेक्टेड!" मागून कोणी तरी ओरडला. "बिकॉज ब्रोकन!" सगळ्यांनी कारण पुरवले. बांध फुटला. केळे डर्टी निघाले, आंबा स्मॉल निघाला, माझा सदरा लाँग ठरला. मी दोन्ही हातांनी आवरा, आवरा अशा खुणा करत होतो. मोठ्या बाईंनी डोळे मिटले होते. भिंतीशी पाववाला शेजाऱ्याला कोपराने ढोसत होता.

अधिकारी बाई काही सांगण्यासाठी उठल्या. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

त्या परत बसल्या, पुन्हा उठल्या. खुर्चीची निष्ठा अढळ होती. एकही पालक हसला नाही. हसू दाबण्यासाठी बरेच जण भिंतीकडे तोंड करून उभे राहिले एवढेच. गोबरी मात्र पुढे झाली. तिने बाईंना प्रदक्षिणा घातली, वाकून पाहिले आणि निदान सांगितले, "चेअर स्मॉल."

"मॅडम..." ठकीने सुरुवात केली.

"ठके, गप!" मी मराठीत ओरडलो.

"...बिग," ठकीने पूर्ण केले.

माझ्या हातून मुलीची नोकरी, मोठ्या बाईंची शाळा आणि माझे उरलेसुरले नाव एकाच वेळी निसटताना मला स्पष्ट दिसले. अधिकारी बाईंनी मुलांकडे पाहिले. मग त्यांनी इंग्रजीत, अगदी शांतपणे विचारले, "असं होय? मग आता काय करायचं?"

सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "रीवर्क!"

आणि मुले कामाला लागली. प्रत्येक पायाला दोघे. झटका द्यायचा नाही, समान जोर लावायचा, हे मी त्यांना कपाटाचे दार काढताना शिकवले होते. ते कोणी विसरले नव्हते. मी वाकून खुर्चीची पाठ धरली. जोर कमी पडतो आहे हे पाहून भिंतीकडून कोणी तरी पुढे आले आणि त्याने माझ्या शेजारी हात घातला. पिठाचा वास आला. पाववाला होता. आम्ही ओढले. बाटलीचे बूच निघावे तसा आवाज झाला, खुर्ची सुटली, आणि मी व पाववाला खुर्चीसकट मागे जाऊन पडलो.

पाववाला उठला. मी अर्धाच उठलो. कंबर काटकोनात आली आणि तिथेच अडकली. पाववाल्याने मला खांदा दिला. तो धरून मी जमिनीकडे पाहत उभा राहिलो. मला अधिकारी बाईंचे फक्त बूट दिसत होते.

"ही खुर्ची?" त्यांचा आवाज आला.

"रीवर्क बिकॉज स्मॉल!"

"आणि मी?"

कुजबुज झाली. "ओके!" वर्ग म्हणाला.

"का?"

"बिकॉज बिग!"

मग मला वरून हसू ऐकू आले, मोकळे, घशापासून आलेले. पाठोपाठ भिंतीकडचे सगळे दाबलेले हसू एकदम बाहेर पडले.

"आणि हे तुमचे शिक्षक?" बाईंनी विचारले.

मुलांनी मला घेरले. इतकी वर्षे मी माल तपासला, पण तपासणीच्या टेबलावरून जग कसे दिसते हे मला ठाऊक नव्हते. सांगतो: गुडघे दिसतात. कोणी माझा चष्मा काढून पाहिला, कोणी कानात डोकावले, कोणी अडकलेल्या कमरेवर बोटाने टकटक केली. मी विव्हळलो, त्याचीही नोंद घेतली गेली. बराच खल झाला. शेवटी गोबरी खाली बसून माझ्या चेहऱ्यासमोर आली. तिने बुटाच्या तळव्याला चिकटलेली एक हिरवी टिकली सोलून काढली आणि माझ्या नाकावर दाबून बसवली.

"ओके," ती म्हणाली.

"का?" अधिकारी बाईंनी नियमाप्रमाणे विचारले.

गोबरीने माझ्याकडे नीट पाहून घेतले. नियम पक्का होता. कारण द्यायलाच हवे. तिने दिले.

"बिकॉज ब्रोकन."

कोणीही तिची चूक दुरुस्त केली नाही. माझा तर बोलण्याचा अधिकारच नव्हता. माल बोलत नसतो.

अधिकारी बाईंनी वर्ग मंजूर केला. पाचच वर्षांची मुले कारण सांगून मत देतात, असा इंग्रजीचा तास आपण अन्यत्र पाहिला नाही, असे त्या म्हणाल्या. माझ्यापुरती एक अट घातली: पुढच्या महिन्यापासून मी लहान मुलांना शिकवण्याच्या प्रशिक्षणाला बसायचे, आणि तोवर टिकल्या शाळेबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. मोठ्या बाई रडत रडत सर्वांना मिठ्या मारत सुटल्या. माझे फक्त डोके मिठीत आले, कारण तेच त्यांच्या उंचीवर होते. लिफ्टचे कुलूप रखवालदाराने अजून काढले नव्हते. पाववाल्याने मला पाठीवर घेऊन सर्व जिने चढवले आणि दारात पोचल्यावर काही तरी बोलला.

"म्हणतोय, तू लहान दिसतोस पण जड आहेस," ठकीने सांगितले. त्याच्या तोंडावरून ते खरे वाटले.

मी पालथा पडून होतो आणि ही कमरेवर गरम पाण्याची पिशवी फिरवत होती. मी तिला सारे सविस्तर सांगितले. वर्ग वाचला याचा आनंद मला होताच. मुलगी दुपारपासून गुणगुणत होती. पण निकालाची पद्धत मला बोचत होती.

"तू विचार कर," मी उशीत तोंड खुपसून म्हणालो. "मोडका आहे, म्हणून पास! मोडका आहे म्हणून नापास, हे मी समजू शकतो. पण दोष दिसतोय, दोष तोंडाने सांगितला जातोय, आणि तरी माल पसंत! उभ्या आयुष्यात असा निकाल कोणी दिलेला मी ऐकला नाही."

हिने पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

"अहो, त्यात एवढं नवल काय?" ती म्हणाली. "लग्नाला होकार दिला तेव्हा मी तरी दुसरं काय केलं होतं?"